घरच्या हातचें

महाराष्ट्रांतील इतिहाससंशोधनाचा आरंभ रुमालांपासून झाला असें म्हटलें तर ती फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांच्या कोनाड्यांत जीर्ण फडक्यांत बांधून ठेविलेलीं दप्तरें राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविलीं, आणि १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढें त्या मालेचे २२ खंड झाले. या उद्योगाचें ऋण महाराष्ट्रावर केवढें आहे हें वाचकांस सांगावयास नको. परंतु रुमाल सोडावा, आंतील कागद उजेडांत आणावा आणि फडकें झटकून बाजूस टाकावें, अशी जी संशोधकांची रीत पडली, तिनें आमच्या इतिहासदृष्टीलाही एक वळण लावून दिलें. जें लिहिलें गेलें तें साधन. जें शिवलें, विणलें, वळलें किंवा ओवलें गेलें, तें नुसतें फडकें.

प्रस्तुत लेखांत आम्ही त्या फडक्याच्या बाजूनें चार शब्द लिहिणार आहों. तालुक्याच्या लहान गांवांतून, घरांतल्या घरांत, विकण्यासाठीं नव्हे तर देण्यासाठीं ज्या वस्तु होत आल्या, त्यांचा हा विषय आहे: बाळासाठीं शिवलेलें दुपटें, नव्या सुनेसाठीं केलेले हलव्याचे दागिने, लेकीच्या लग्नांत मांडलेलें रुखवत. वस्तु लहान आहेत हें उघड आहे. त्या फाटतात, विरघळतात, मुंग्यांच्या व कसरीच्या तोंडीं पडतात. परंतु त्या कोणीं केल्या, कशाच्या केल्या, आणि केल्यावर त्या कोणाच्या झाल्या, हे तीन प्रश्न लहान नाहींत. या प्रश्नांच्या मागें लागलें म्हणजे असें दिसूं लागतें कीं, 'जुनी परंपरा' म्हणून ज्याचें आपण कौतुक करतों त्यांतील पुष्कळसें फारसें जुनें नाहीं. आणि जें खरोखर जुनें आहे, त्याच्या मुळाशीं हौसेपेक्षां निरुपायच अधिक आहे.

या विषयाचीं लेखी साधनें तुटपुंजीं आहेत. कॅम्बेलसाहेबांच्या देखरेखीखालीं मुंबई इलाख्याचीं गॅझेटियरें तयार झालीं. त्यांपैकीं रत्नागिरी व सावंतवाडी यांचा खंड १८८० सालीं, आणि पुणें व सातारा यांचे खंड १८८५ सालीं निघाले. कोष्टी, साळी, तांबट, कासार यांच्या धंद्यांची माहिती त्यांत मोठ्या बारकाईनें दिली आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांवगाडा' लिहून बलुतेदारांचा सर्व व्यवहार मराठींत मांडला. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, सगळे त्या गाड्यास जुंपलेले आपणांस दिसतात. पण ज्या हातानें घरांतील पांघरुणें झालीं, शेवया झाल्या, देवाच्या वाती झाल्या, त्या हाताला बलुतें नव्हतें. म्हणून यादींत नांवही नव्हतें. सावंतवाडीच्या चितार आळींतील कारागिराची लाकडी खेळणीं बाजारांत गेलीं आणि त्यांबरोबर गांवाचें नांवही देशोदेशीं गेलें. त्याच गांवांतील एखाद्या घरीं झालेलें दुपटें फार तर दोन गल्ल्या ओलांडून जाई.

येथें तालुक्याच्या गांवाचाच विचार आम्ही कां करतों, हें सांगितलें पाहिजे. असा गांव धड खेडें नसतो आणि धड शहरही नसतो. तेथें मामलेदाराची कचेरी असते, आठवड्याचा बाजार भरतो, कापडाचीं दोन-चार दुकानें असतात, शिंपी असतो, कुंभारवाडा असतो, शाळा असते. शहरांत नवें निघालेलें कांहींही तेथें पोंचतें, पण उशिरा आणि बेतानें. महाराष्ट्रांत एस.टी.ची पहिली गाडी पुणें ते अहमदनगर अशी १ जून १९४८ रोजीं धांवली. तोंपर्यंत पुष्कळ गांवांस बाहेरचा माल म्हणजे बैलगाडीचा, खाजगी मोटारीचा नाहीं तर टपालाचा. अशा गांवांत एकमेकांकडे जाण्यायेण्याचे प्रसंग मात्र शहराहून अधिक. बारसें, बोरनहाण, मुंज, डोहाळजेवण, मंगळागौर, संक्रांत. आणि रिकाम्या हातानें जावयाचें नाहीं हा दंडक. पैसा असलाच तर तो पुरुषाच्या कनवटीस. मग बाईनें न्यावयाचें काय? जें घरांत आहे त्यांतूनच कांहीं तरी केलें पाहिजे. आणि घरांत जुनें कापड, धान्य, तीळ, कापूस व दुपारचे दोन तास यांपलीकडे तिच्या सत्तेचें फारसें कांहीं नसे. या विषयाचें सर्व अर्थशास्त्र या एवढ्या यादींत आहे.

प्रथम गोधडी घेऊं. तिलाच कोणी वाकळ म्हणतात. जनाबाईच्या कथेंत विठ्ठल आपला शेला विसरून जनीची वाकळ पांघरून राउळांत जातो. देवाच्या अंगावर दारिद्र्याची खूण म्हणून घालावयास कथाकारांस वाकळीहून नेमकी वस्तु सांपडली नाहीं, यावरूनच ती घराघरांतून किती ओळखीची होती तें कळतें. गोधडीची कृति सोपी दिसते, पण सोपी नाहीं. जुनीं लुगडीं व धोतरें धुवून, फाटका भाग काढून, ओटीवर अगर अंगणांत एकावर एक ताणून पसरावयाचीं. नवऱ्या बाजूस त्यांतल्या त्यांत धड लुगडें घ्यावयाचें. प्रथम कडा टांचावयाच्या, आणि मग कडेकडेनें धांवदोरा घालीत, फेऱ्यामागून फेरा, मध्याकडे सरकत जावयाचें. थर ढळला कीं सुरकुती पडते, आणि ती सुरकुती पांघरणाराच्या अंगाला वर्षानुवर्षे खुपते. म्हणून दोघीतिघींनीं समोरासमोर बसून चारी बाजूंनीं शिवीत यावें अशी चाल. हें काम बहुधा उन्हाळ्यांत, शेताचीं कामें संपल्यावर आणि पाऊस येण्यापूर्वीं व्हावयाचें.

याच कुळांतील धाकटीं भावंडें म्हणजे बाळाचें दुपटें, चौघडी आणि कुंची. पहिलटकरणीच्या मुलास नवें कापड टोंचतें, म्हणून आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचें दुपटें करावें, हें शहाणपण प्रत्येक घरीं होतें. बाळंतविडा म्हणून जें माहेरकडून जाई, त्यांत झबलें, टोपरें, दुपटें आणि खाण्याचा जिन्नस यांचा मेळ असे. येथें भेटीचें मोल कापडाच्या नवेपणांत नसून उलट त्याच्या जुनेपणांत होतें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गेलेल्या माणसाचें वस्त्र गोधडीच्या पोटांत जाई आणि पुढल्या पिढीच्या अंगावर येई. कुळाची वंशावळ कागदावर राही ती पुरुषांची. बायकांची वंशावळ कोठें राहिली असेल तर ती या थरांत. पण तिला अक्षर नव्हतें. चार-दोन धुण्यांनंतर ती विरून गेली.

तथापि गोधडीही सर्वस्वीं 'अनादि' आहे असें समजूं नये. गरिबाचें खरें जुनें पांघरूण म्हणजे धनगराचें घोंगडें. गोधडीस थरावर थर लागतात, आणि थर घालण्याइतकें जुनें कापड घरांत सांठावयास आधीं कापड स्वस्त व्हावें लागतें. एकोणिसाव्या शतकांत आधीं विलायती आणि १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडाच्या गिरणीची उभारणी झाल्यावर पुढें देशी गिरण्यांचें लुगडें खेडोपाडीं गेलें, हातमागवाला मेटाकुटीस आला, आणि ज्या घरांत वर्षाकांठीं एकच लुगडें घेत तेथें दोन येऊं लागलीं. आज ज्या भरदार, रंगीबेरंगी गोधड्या आपण प्रदर्शनांत पाहतों, त्यांचे रंग तर बहुतेक रासायनिक रंगांच्या नंतरचेच. आणि ते रंग १८५६ सालीं पर्किन नांवाच्या एका तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या शोधापासून सुरू झाले. खेड्यांतील आजीच्या हाताचें हें काम गिरणीच्या धुराड्याशीं असें बांधलेलें आहे. त्यामुळें त्याचें मोल कमी होत नाहीं. उलट, जी गिरणी साळ्याचें घर बसवीत होती, तिच्याच चिंध्यांतून घरची बाई ऊब काढीत होती, हें त्यांतून दिसतें.

दुसरी वस्तु हलवा. पौष महिन्यांतील थंडीशीं आणि संक्रांतीशीं तिचा संबंध नुसता धार्मिक नाहीं. हलव्यास कांटा यावयाचा तर हवा थंड व कोरडी पाहिजे. दमट हवेंत साखर चिकट होते आणि दाणे एकमेकांस धरतात. साखरेच्या पाकास दुधाचा हबका देऊन वरची मळी काढावयाची. परातीखालीं निखारे अगदीं मंद ठेवावयाचे. परातींत निवडलेले तीळ घेऊन त्यांवर चमचाचमचा पाक टाकीत बोटांनीं हळूहळू फिरवावयाचे. पाक वाळला कीं पुन्हां चमचा. असें तासन्‌तास, आणि कित्येक दिवस. घाई केली तर दाणा गुळगुळीत होतो, विस्तव वाढला तर पिंवळा पडतो. बोटें भाजतात ती निराळीच. इतकें झाल्यावर शुभ्र कांटेदार दाणा तयार होतो. मग दोऱ्यांत ओवून, जाड कागदावर बसवून, त्याचें मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, मुकुट. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस सुनेनें काळी चंद्रकळा नेसून हे दागिने घालावे, आणि तान्ह्या मुलास ते घालून बोरनहाण करावें, अशी ही रीत. काळ्यावर पांढरें खुलतें हें ज्या कोणा बाईच्या प्रथम ध्यानांत आलें, तिचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण रंगसंगतीची तिची दृष्टि चित्रकारास लाजविणारी होती यांत शंका नाहीं.

आतां या घरगुती वस्तूंतील साखर पाहूं. शुभ्र दाणेदार साखरेला आमच्या जुन्या घरांतून 'मोरस' म्हणत. हा शब्द मॉरिशस बेटाच्या नांवावरून आला आहे. पुढें जावा बेटांतील साखर आली, आणि १९३२ सालीं सरकारनें संरक्षक जकातीचा कायदा केल्यावर देशी कारखाने झपाट्यानें वाढले. प्रवरेच्या कांठीं लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला तो १९५० सालीं. म्हणजे सणाचा अत्यंत घरगुती, अत्यंत मराठी असा जो दागिना, त्याचें द्रव्य पुष्कळ काळ समुद्रापलीकडून येत होतें. आणि मॉरिशसच्या त्या उंसाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांत रत्नागिरीसारख्या कोंकणच्या मुलुखांतून गेलेले मराठी मजूरही होते, हें येथें सांगितलें पाहिजे. त्यांचे वंशज आजही त्या बेटांत मराठी म्हणून नांदत आहेत. कोंकणांतल्याच एखाद्या गांवीं परातींत फिरणारी साखर कोंकणच्याच माणसाच्या घामाची असावी, असा योग तेव्हां अशक्य नव्हता.

हलव्याविषयीं आणखी एक गोष्ट आहे, ती लिहितांना लेखणी जड होते. इतका चिकाटीचा, दिवसच्या दिवस खाणारा उद्योग करावयास पांढरपेशा घरांत सवड कोणास असे? लेंकुरवाळ्या सुनेस नाहीं. ती चूल आणि पाळणा यांत गुंतलेली. ती सवड बहुधा घरांतील विधवेस असे. चातुर्मासांतील लक्ष वाती, गौरीगणपतींचीं कापसाचीं वस्त्रें, लग्नाचे गव्हले व शेवया यांतही पुष्कळदां तिचाच हात असे. हळदीकुंकवाच्या बैठकीस मात्र तिला स्थान नव्हतें. जो दागिना तिनें ओवला तो दुसरीच्या गळ्यांत पाहण्यासही पुढें येण्याची तिला बंदी. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. पण बैठकीच्या उंबरठ्याचा कायदा सरकारच्या हातीं नव्हता. घरगुती कलांच्या गोड आठवणी लिहितांना हा हात विसरून चालावयाचें नाहीं; कारण त्या गोडीचा मोठा भाग त्याच हाताचा आहे.

तिसरी वस्तु रुखवत. मूळचें रुखवत हें खाण्याचें: वधूपक्षाकडून वराकडे जाणारे लाडू, करंज्या, चिरोटे, साटोऱ्या. त्यांच्या बरोबरीनें हाताचें कौशल्य दाखविणारे नाजूक जिन्नस येत. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखावर दाबून केलेले नखुले, काडीवर वळलेले सरगुंडे, बोटवे, मालत्या. या वळवटाचीं चिमुकलीं रूपें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस आमचें म्हणणें पटेल कीं यांत शिल्पच आहे. पुढें या खाद्याशेजारीं दुसरी एक आरास मांडली जाऊं लागली: मॅटीच्या कापडावर भरलेले पोपट व मोर, क्रोशानें विणलेले रुमाल, मण्यांचें तोरण, चौकटींत बसविलेलें 'सुस्वागतम्'.

ही दुसरी आरास कोठून आली? ती शाळेंतून आली. अमेरिकन मिशनऱ्यांनीं मुंबईंत मुलींची शाळा काढली ती १८२४ सालीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं. हुजूरपागा निघाली १८८४ सालीं. मुलींच्या शिक्षणास विरोध करणारा बापही शिवणकामास सहसा 'नको' म्हणत नसे. त्यामुळें सुई हें पुष्कळ ठिकाणीं पुस्तकाचें प्रवेशपत्र ठरलें. मुलगी शिवणाच्या निमित्तानें शाळेंत जाई आणि अक्षर घेऊन घरीं येई. सुईबरोबर विलायती नमुने आले, क्रोशा आला, उलटसुलट टांके आले. रंगीत दोऱ्याच्या ज्या डी. एम. सी. लड्या दुकानांत मिळत, त्या फ्रान्समधील मुलूझ गांवच्या कारखान्याच्या. पुष्कळसे रंगीत कांचमणी व्हेनिस आणि बोहेमियाकडचे. तेव्हां आजीच्या पेटींतील जें भरतकाम आपण 'आपलें जुनें' म्हणून दाखवितों, त्याचा टांका विलायती, दोरा फ्रेंच, मणी बोहेमियन आणि पोपट तेवढा देशी असा प्रकार पुष्कळदां असतो. आम्हांस यांत कमीपणा वाटत नाहीं. परंपरा म्हणजे बंद पेटी नव्हे. आलेल्या दोऱ्यानें आपला पोपट भरणें हीच लहान गांवाची संस्कृति होती.

कमीपणा आहे तो दुसऱ्या ठिकाणीं. रुखवत हें पुढें भेट न राहतां परीक्षा झालें. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनीं "हें सगळें मुलीनेंच केलें का?" म्हणून विचारावें, आणि मुलीच्या आईनें, शेजारणीनें केलेला रुमालही मुलीच्या नांवावर खपवावा, असे प्रकार ज्यांच्या ऐकण्यांत नाहींत असें मराठी कुटुंब विरळा. प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या, लोकरीचीं चित्रें, शिंपल्यांचें तुळशीवृंदावन, थर्मोकोलचें देऊळ, असे त्या मांडणीचे थर दर पिढीस वाढत गेले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. पण त्याच मांडवांत भांड्यांचे व उपकरणांचे ढीग रुखवताच्या नांवाखालीं मांडले गेले. प्रेमानें दिलेली वस्तु आणि भीतीनें मांडलेली वस्तु दिसावयास सारखीच असते. तिच्यांतील भेद करणारणीच्या मनांत असतो, आणि तेथें इतिहासकाराचा दिवा सहसा पोंचत नाहीं.

आतां आमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. या वस्तु कोणाच्या? याचें उत्तर धर्मशास्त्रांत आहे आणि तें विचार करावयास लावणारें आहे. कात्यायनाची स्मृति समग्र उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं दिलेलीं तिचीं वचनें म. म. पांडुरंग वामन काणे यांनीं एकत्र करून १९३३ सालीं प्रसिद्ध केलीं. स्त्रीधनाच्या प्रकरणांत कात्यायन असें सांगतो कीं, स्त्रीनें शिल्पकर्मानें जें धन मिळविलें, किंवा परक्यानें तिला प्रीतीनें जें दिलें, त्यावर पतीचें स्वामित्व. बाकीचें तें स्त्रीधन. म्हणजे बापानें, भावानें दिलेला दागिना तिचा. पण स्वतःच्या बोटांनीं कमावलेला रुपया तिचा नव्हे. शास्त्रांतील वचन प्रत्येक घरांत अक्षरशः चाले असें नाहीं, आणि बाजारांत बसणाऱ्या कष्टकरी बायकांचा व्यवहार निराळा असे, हें खरें. पण पांढरपेशा घराची मनोवृत्ति या वचनाहून फार दूर नव्हती. इंग्रजी अमदानींत १८७४ सालीं विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा कायदा झाला आणि स्त्रीची कमाई तिची स्वतःची ठरली; परंतु हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन यांस तो लागू नव्हता. शेवटीं १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीनें स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेली मिळकत ही तिच्या पूर्ण मालकीची आहे असें स्पष्ट शब्दांत मान्य केलें.

या वचनाच्या उजेडांत आपल्या गोधडीकडे आणि हलव्याकडे पुन्हां पाहावें. बाईनें केलेली वस्तु विकली तर तिचे पैसे नवऱ्याचे. तीच वस्तु तिनें कोणास दिली, तर? तर त्या देण्यापुरती ती तिची. देण्याच्या क्षणीं तिला कोणाच्या परवानगीचें कारण नसे. 'माझ्या हातचें आहे' एवढें म्हणण्याचा अधिकार तिला असे. घरच्या हातच्या भेटीस आमच्या समाजांत जें एवढें भावनेचें वजन आलें, त्याचें एक कारण आम्हांस येथें दिसतें. जिच्या नांवावर शेत नाहीं, घर नाहीं, पेढीवर खातें नाहीं, तिच्या मालकीचें जगांत एकच धन होतें, आणि तें म्हणजे दुपारची उसंत. तिचेंच तिनें दुपटें केलें, तिचाच हलवा केला, आणि तें देऊन टाकलें. साठवितां येत नव्हतें तें वाटून टाकलें, असें म्हटलें तरी चालेल.

म्हणूनच स्त्रीसुधारकांनीं प्रथम हात घातला तो याच ठिकाणीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं शारदासदन काढलें. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि तो १९०० सालीं हिंगण्यास नेला. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याचें सेवासदन १९०९ सालीं सुरू झालें. या संस्थांतून विधवेस जें शिक्षण मिळालें त्यांत पुस्तकाबरोबर शिवण व हस्तव्यवसाय होते, आणि त्यांचा हेतु आतां भेट हा नसून पोट हा होता. ज्या बोटांना आजवर आश्रिताचा घांस मिळे, त्यांना वेतन मिळूं लागलें. १९५९ सालीं गिरगांवांत सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन घराच्या गच्चीवर पापड लाटावयास घेतले. त्यांतून 'लिज्जत' ही संस्था उभी राहिली. आज बचतगटांच्या बायका शेवया, गोधड्या, हलव्याचे दागिने करून विकतात. मुंबईपुण्याचीं घरें तीं घेतात. परदेशीं राहिलेल्या लेकीच्या पहिल्या संक्रांतीस टपालानें डबा जातो. घरगुतीपणा गेला म्हणून यावर हळहळणारांस आमचें एवढेंच विचारणें आहे, कीं विकणारीच्या हातीं आलेले पैसे तिचे स्वतःचे आहेत, ही गोष्ट त्यांस कमी सुंदर वाटते काय?

तथापि चित्राची दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. संक्रांतीचें वाण आतां बहुधा बाजारी डबी असते. शंभर आणावयाच्या आणि शंभर वाटावयाच्या. देणारीस ती आठवत नाहीं आणि घेणारीस ती ठेवण्यास जागा नाहीं. वस्तु वाढल्या आणि भेट उणावली. याचें कारण 'वेळ नाहीं' असें सांगतात. तें खरेंही आहे, पण तो कोणास नाहीं हें पाहावें. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामांत दिवसास सरासरी २९९ मिनिटें घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. चूल गेली, जातें गेलें, पाट्यावरवंटा गेला. पण दुपारची उसंत काहीं मोकळी झाली नाहीं. आणि जनगणनेच्या तक्त्यांत, अगदीं २०११ पर्यंत, केवळ घरकाम करणारी स्त्री ही 'काम न करणारी' म्हणूनच नोंदली गेली. गॅझेटियराच्या काळचा डोळा अजून तसाच आहे.

तेव्हां करावयाचें काय? जुनें सर्व पुन्हां घरोघर सुरू करावें असें आम्ही म्हणणार नाहीं. निरुपायाची कला निरुपायासकट परत आणणें हें शहाणपण नव्हे. पण वर्षांतून एखादी वस्तु स्वतःच्या हातानें करून द्यावी, आणि ती घरांतील मुलानेंही करावी, मुलीनेंच नव्हे, एवढें सुचविण्यास हरकत नाहीं. दिवाळींत कामट्या बांधून आकाशकंदील करणारा आणि मातीचा किल्ला रचणारा मुलगा सुईदोऱ्याचीही सुरेख चिकाटी दाखवूं शकतो. त्याच्या बोटांत कांहीं उणें नाहीं. सक्तीशिवाय केलेलें आणि परीक्षेशिवाय दिलेलें असें हातचें काम आमच्या समाजांत फारसें झालेंच नाहीं. तें करून पाहण्याची संधि या पिढीस प्रथमच मिळत आहे.

दुसरी सूचना इतिहासाच्या विद्यार्थ्यांस आहे. पुण्यास दिनकर केळकरांनीं (१८९६–१९९०) अडकित्ते, दिवे, करंडे, फण्या असल्या क्षुद्र समजल्या जाणाऱ्या वस्तु आयुष्यभर वेंचून एक अमोल संग्रह उभा केला. त्यांनीं दृष्टि दिली. पण पितळ टिकतें, कापड टिकत नाहीं, आणि साखर तर मुळींच टिकत नाहीं. जात्यावरच्या ओव्या साने गुरुजींनीं आणि पुढें गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांनीं कागदावर उतरून घेतल्या म्हणून वांचल्या. नाहीं तर पीठ पडण्याच्या आवाजाबरोबर त्याही गेल्या असत्या. गोधडीचें तसें फारसें कोणीं केलें नाहीं. प्रत्येक तालुक्याच्या गांवांत एक वाचनालय असतें. त्याच्या एका कपाटांत गांवांतील दहा गोधड्या, पांच रुखवताचे रुमाल, आणि हलवा कसा करावा हें सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायांची हकीगत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावयास फारसा खर्च येणार नाहीं. वस्तु ठेवणें न जमल्यास निदान नोंद ठेवावी: कोणीं केली, कोणासाठीं केली, कापड कोणाचें होतें, साल कोणतें.

आणि ज्या घरीं यापुढें एखादें दुपटें वा गोधडी होईल, तेथें शिवणाऱ्या हातानें शेवटच्या फेऱ्यानंतर दोरा तोडण्यापूर्वीं कोपऱ्यांत आपलें नांव आणि साल तेवढें भरावें. राजवाड्यांच्या मागून येणारा संशोधक कधीं तरी रुमालही वाचूं लागेल. त्याला वाचावयास तेथें कांहीं तरी असावें.